गाजरगवतावरचा पट्टेरी भुंगा: फवारणीआधी ओळख पटवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा मध्यावर आला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते. अमुक तालुक्यात पट्टेरी किड्यांच्या झुंडी, सोयाबीन धोक्यात, शेतकरी हवालदिल. सोबत तळहातावर धरलेल्या भुंग्याचे अंधूक छायाचित्र असते. बहुतेक वेळा तो भुंगा म्हणजे गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. सोयाबीन, कापूस, तूर यांच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. पण बातमी वाचून दुसऱ्याच दिवशी बांधावर पंप फिरतो आणि जो किडा फुकटात तण खात होता तोच मरतो. म्हणून हा भुंगा नेमका कसा ओळखायचा, तो कुठे आणि केव्हा सापडतो, त्याच्यासारखे दिसणारे दुसरे कोण, हे जरा तपशिलात मांडतो आहोत. पत्र लांबले आहे. शक्य तर काटछाट न करता छापावे.

ओळखीची सुरुवात किड्यापासून करू नये, झाडापासून करावी. पाने खाणाऱ्या भुंग्यांच्या या कुळात (क्रायसोमेलिडी) बहुतेक जातींची खाण्याची झाडे ठरलेली असतात. काकडी, दुधी, भोपळ्याच्या कोवळ्या वेलावर नारिंगी-लाल भुंगा दिसला तर तो लाल भोपळा भुंगेरा. द्राक्षाची छाटणी झाल्यावर फुगलेले डोळे कोरणारा छोटा काशाच्या रंगाचा भुंगा म्हणजे उडद्या. बेशरमीच्या पानावर कासवासारखी पारदर्शक कड असलेला दिसला तर तो कासव-भुंगा. रुईवर धातूसारखा चमकणारा निळा-हिरवा दिसला तर तो प्लॅटिकोरिनस. तसा क्रीम रंगावर तपकिरी रेषा असलेला आणि गाजरगवताची पाने कुरतडताना पकडलेला भुंगा मेक्सिकन असण्याची शक्यता फार मोठी. 'पकडलेला' यापेक्षा 'कुरतडताना' हा शब्द महत्त्वाचा. किडा कुठल्याही पानावर बसू शकतो. तो खातो कुठे, हे पाहायचे.

आता प्रत्यक्ष भुंगा. लांबी साधारण ५ ते ६ मिलिमीटर, आकार वरून अंडाकृती आणि बाजूने पाहिला तर घुमटासारखा फुगीर. साधारण तुरीच्या दाण्याएवढा. मादी नरापेक्षा किंचित मोठी. डोके आणि त्यामागची छातीची ढाल गडद तपकिरी, त्यावर ठिपके नाहीत. पाठीवरचे टणक पंख मळकट पांढरे किंवा क्रीम रंगाचे, आणि त्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या गडद तपकिरी उभ्या रेषा. या रेषा पट्टीने आखल्यासारख्या नसतात. काही जाड, काही बारीक, काही खाली एकमेकींना मिळतात, काही मध्येच तुटतात. दोन भुंग्यांची नक्षी तंतोतंत जुळेलच असे नाही, म्हणून रेषा मोजत बसण्यात अर्थ नाही. आडवे पट्टे मात्र या जातीत कधीच नसतात. मिशा ढालीच्या मागेपर्यंत सहज पोचतात आणि टोकाकडे हळूहळू जाड होत जातात. दहापट भिंग हाताशी असेल तर पायाचे टोक पाहावे: झायगोग्रामा वंशात पंजाच्या दोन्ही नख्या तळाशी एकमेकींना चिकटलेल्या आणि जवळजवळ समांतर असतात. हाताळल्यावर हा भुंगा पाय पोटाशी घेऊन खाली गळतो आणि थोडा वेळ मेल्यासारखा पडून राहतो.

अळी ओळखणे जास्त गरजेचे, कारण शेतकऱ्याची फवारणी भुंग्यापेक्षा अळी पाहून जास्त होते. मेक्सिकन भुंग्याची अळी आखूड, मांसल, पाठीला कुबड असलेली, फिक्कट पिवळसर असते. तिला पाय फक्त सहा, तेही डोक्याजवळ. घाटे अळी, स्पोडोप्टेरा किंवा उंटअळी या पतंगांच्या अळ्या. त्यांना पुढच्या सहा पायांखेरीज पोटाखाली आणि शेपटाशी मांसल, पानाला चिकटणारे खोटे पाय असतात. अळी काडीवर चढवून खालून पाहिली की हा फरक साध्या डोळ्यांना दिसतो. मेक्सिकन अळी लहान असताना शेंड्याच्या आणि पानाच्या बेचक्यातल्या कळ्यांत शिरून खाते, मोठी झाली की पानाच्या पात्यावर येते. त्यामुळे शेंडा खाऊन बोथट झालेले आणि खाली पानांच्या नुसत्या शिरा उरलेले गाजरगवत दिसले की भुंगा न दिसताही तो तिथे आहे हे कळते. अंडी पिवळसर ते नारिंगी, लांबट. बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, पण देठावर, कळीत, फुलाच्या बोंडावरही, एकेकटी किंवा चार-पाचाच्या छोट्या पुंजक्यात.

पूर्ण पोसलेली अळी झाड सोडून जमिनीत उतरते आणि मातीत काही सेंटिमीटर खोलीवर कोष करते. अंडी उबायला चार ते सात दिवस, अळीचे दहा ते पंधरा दिवस, कोषाचे नऊ ते बारा दिवस. अनुकूल हवेत सगळे मिळून साधारण महिनाभर. हवा थंड किंवा कोरडी झाली की हा काळ लांबतो.

गफलत कुठे होते? पहिली आणि सर्वांत नुकसानकारक गफलत तीन रेषांच्या लहान ढालकिड्याशी, ब्रुमॉइडिस सुटुरॅलिसशी. त्याचेही पंख पिवळसर क्रीम आणि त्यावर उभ्या काळ्या रेषा. शिवाय तोही गाजरगवतावर सापडतो, कारण कपाशीवरचा पिठ्या ढेकूण गाजरगवतावर आश्रय घेतो आणि हा ढालकिडा त्या ढेकणांना खातो. म्हणजे एकाच झाडावर दोन पट्टेरी किडे, एक पान खाणारा, दुसरा ढेकूण खाणारा. फरक सोपा आहे. ढालकिडा जेमतेम ३ मिलिमीटर, त्याच्या पाठीवर तीनच रेषा, एक मधल्या सांध्यावर आणि दोन बाजूंना. मिशा इतक्या आखूड की शोधाव्या लागतात आणि त्यांच्या टोकाला गाठ. तो पान कुरतडत नाही. दोघेही उपयोगी, त्यामुळे या गफलतीत मारण्याचा प्रश्नच येऊ नये. पण मेक्सिकन भुंगे म्हणून ढालकिडे गोळा करून नेऊन सोडले तर गाजरगवत आहे तसेच डोलत राहते, आणि 'भुंगे सोडले, काही झाले नाही' असा निष्कर्ष निघतो.

दुसरी गफलत कोलोरॅडो बटाटा भुंग्याशी, आणि ती मोबाइलने आणलेली आहे. छायाचित्रावरून नाव सांगणारी ॲप पट्टेरी भुंगा दिसला की पुष्कळदा हेच नाव पुढे करतात, कारण जगभरातली चित्रे त्याचीच जास्त. तो भुंगा भारतात नाही. देशात येऊ नये म्हणून ज्याच्यावर विलगीकरणाची नजर असते अशी ती कीड आहे. तो जवळजवळ १० मिलिमीटर, पिवळसर नारिंगी, पाठीवर स्पष्ट दहा काळ्या रेषा, आणि मुख्य म्हणजे छातीची ढाल नारिंगी व तिच्यावर काळे ठिपके. मेक्सिकन भुंग्याची ढाल गडद आणि कोरी. बटाट्याच्या पट्ट्यात ॲपवर विसंबून 'बटाट्याची परदेशी कीड आली' अशी आवई उठायला वेळ लागत नाही, म्हणून ढालीचा हा फरक लक्षात ठेवावा. खरोखरच नारिंगी, ठिपक्यांच्या ढालीचा भुंगा बटाट्यावर दिसला, तर मात्र तो जिवंत इकडेतिकडे न नेता बाटलीत बंद करून कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे लगेच द्यावा.

तिसरी गफलत हाताला भोवते. हिंगे, म्हणजे फुले खाणारे मोठे काळे भुंगे, पाठीवर पिवळे किंवा नारिंगी आडवे पट्टे, लांबी मेक्सिकन भुंग्याच्या तिप्पट-चौपट, अंग मऊ. चिरडले की त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने कातडीवर फोड येतात. आडवे पट्टे दिसले की उघड्या हाताने धरू नये, एवढे पुरे. वांग्यावरचा ठिपक्यांचा एपिलॅक्ना, मक्यावरचा पांढरट ठिपक्यांचा मोनोलेप्टा यांच्या अंगावर रेषा नसतात. त्यांची गल्लत फक्त घाईत होते.

आता वसतिस्थान. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी, पांढरी फुली, नावे काहीही घ्या, ते जिथे तिथे हा भुंगा असेलच असे नाही. हे तण पसरल्याची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्यात १९५५ साली झाली आणि आज ते राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यात आहे. भुंगा मात्र १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत आणला गेला, चाचण्या झाल्यावर १९८४ पासून मोकळा सोडला गेला आणि मग सोडत-सोडत, उडत-उडत पसरला. त्याला तीन गोष्टी लागतात: कोवळे गाजरगवत, दमट उबदार हवा आणि भुसभुशीत माती. पैकी तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. अळीला कोषासाठी आणि भुंग्याला थंडी-उन्हाळ्यातल्या लांब झोपेसाठी मातीत शिरावे लागते. दाबलेला मुरूम, डांबराची कड, सिमेंटचा पदपथ, पाणी तुंबणारी चर इथे गाजरगवत भरघोस येते, पण भुंग्याची दुसरी पिढी उभी राहत नाही. उलट पडीक शेत, गायरानाची कड, पाणंद, चारीचा भराव, रेल्वेमार्गालगतची मोकळी माती, जुन्या बागेचा न नांगरलेला कोपरा, अशा जागी एकदा बसलेला भुंगा वर्षानुवर्षे टिकतो. शोधायचा असेल तर अशाच ठिकाणी जावे, आणि रस्त्याच्या कडेला मोटारीतून पाहून 'आमच्याकडे नाही' असे ठरवू नये.

वेळही तितकीच महत्त्वाची. वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या चांगल्या सरींनंतर झोपलेले भुंगे जमिनीतून वर येतात. जून अखेरीस त्यांची संख्या तुरळक असते. जुलै-ऑगस्टमध्ये ती चढते, आणि सप्टेंबरला काही ठिकाणी गाजरगवताचा नुसता सांगाडा उरतो. पाऊस ओसरला, थंडी लागली की भुंगे मातीत उतरतात. काही तर ऑगस्टपासूनच उतरू लागतात. नोव्हेंबर ते मे या काळात ते वर जवळजवळ दिसतच नाहीत. डिसेंबरमध्ये पाटाच्या पाण्यावर वाढलेले हिरवेगार गाजरगवत पाहून 'भुंगे मेले' असे म्हणणाऱ्यांनी त्याच जागी जुलैमध्ये पुन्हा यावे.

सूर्यफुलाचा विषय काढल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण भीतीचे मूळ तिथे आहे. १९९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाची पाने खाताना आढळला आणि एकच गदारोळ झाला. भुंगे सोडण्याचे काम थबकले, चौकशी बसली. अभ्यासातून पुढे आलेले एक कारण फार बोलके आहे: शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्या वासा-चवीने भुंगा पान खरवडतो. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातले, हेही खरे. पण सूर्यफुलावर त्याचा संसार चालत नाही. म्हणून सूर्यफुलावर हा भुंगा दिसला तर पंप उचलण्याआधी पानांच्या खालची बाजू आणि शेंडे पाहावेत. अंडी आणि कुबड्या अळ्या नसतील तर तो पाहुणा आहे, गाजरगवत संपल्यामुळे किंवा परागांमुळे आलेला. उपाय फवारणी नव्हे. बांधावरचे गाजरगवत फुलावर येण्याआधी काढणे.

ज्यांना भुंगे गोळा करून दुसरीकडे सोडायचे आहेत त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. कृषी विद्यापीठे आणि जबलपूरचे तण संशोधन संचालनालय यांचा सल्ला एका जागी ५०० ते १००० भुंगे सोडण्याचा आहे. शंभर भुंगे दहा ठिकाणी विखुरणे म्हणजे श्रम वाया. नर-मादी एकमेकांना भेटत नाहीत आणि कोळी, शिकारी ढेकूण, पक्षी त्यांना वेचून संपवतात. गोळा करायला जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टअखेर हा काळ घ्यावा. सकाळी ऊन चढण्याआधी झाडाखाली उलटी छत्री किंवा पांढरी चादर धरून झाड काठीने दोनदा हलकेच झटकावे. गळून पडण्याची त्याची सवय इथे कामी येते. एकेक वेचण्यापेक्षा हे कितीतरी पटीने जलद होते. मग छत्रीतले ढालकिडे, कोळी, हिंगे बाजूला काढून फक्त ५-६ मिलिमीटरचे रेषांचे भुंगे ठेवावेत. या निवडीला अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा.

रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीला झाकणाऐवजी मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे कापड रबराने बांधावे. आत गाजरगवताचे कोवळे, फुले नसलेले शेंडे आणि चुरगाळलेल्या कागदाच्या पट्ट्या. कागद ओल शोषतो आणि भुंग्यांना धरायला जागा देतो. एका लिटरच्या बरणीत शे-दीडशेपेक्षा जास्त कोंबू नयेत. सर्वाधिक भुंगे मरतात ते इथेच: घट्ट झाकण लावले, बरणी गाडीच्या डिकीत ठेवली, आत घाम साठला, संध्याकाळपर्यंत निम्मे मेले. बरणी सावलीत ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुंगे सोडावेत. पाने रोज बदलावीत. अळ्या असलेले शेंडे मिळाले तर तेही न्यावेत, पण वेगळ्या डब्यात.

सोडायचे संध्याकाळी, पाऊस कोसळत नसताना, गुडघ्याएवढ्या आणि अजून फुलावर न आलेल्या गाजरगवतावर. कापड सोडून बरणी झाडांच्या बुंध्याशी आडवी ठेवावी, भुंगे आपापले चढतात. जागा लोकवस्तीपासून दूर, न तुंबणारी, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नांगर, ग्रासकटर किंवा जेसीबी फिरणार नाही अशी असावी. तीन आठवड्यांनी शेंड्यांत अळ्या पाहाव्यात. पाच-सहा आठवड्यांनी नवे भुंगे दिसायला हवेत. त्या हंगामात फारसे दिसले नाही तरी निराश होऊन जागा खणू नये. खरी परीक्षा पुढच्या जुलैची.

बिघडते कसे, याचे प्रकार ठरावीक आहेत. सप्टेंबरच्या शेवटी कार्यक्रम घेऊन भुंगे सोडले, ते आठ दिवसांत मातीत गेले, लोक म्हणाले उडून गेले. भुंगे सोडल्या जागेवर महिनाभरात स्वच्छता मोहीम झाली आणि अळ्यांसकट तण उपटून जाळले. शेजारच्या कपाशीवर कीटकनाशक मारताना पंपात उरलेले औषध बांधावर संपवले. हिवाळ्यात पडीक जागा नांगरून उन्हात टाकली आणि झोपलेले भुंगे वर येऊन वाळले, किंवा बगळे-साळुंक्यांच्या पोटात गेले. तणनाशकाने थेट भुंगा फारसा मरत नसला तरी त्याचे अन्न संपते, अळी अर्ध्यावर उपाशी मरते. यातले एकही कारण भुंग्याच्या कुवतीशी संबंधित नाही.

पण त्याची कुवत अमर्याद आहे असेही आम्ही म्हणत नाही, आणि 'मेक्सिकन भुंगा सोडा, काँग्रेस मुक्त व्हा' छापाच्या घोषणा आम्हाला पटत नाहीत. पहिल्या पावसाने गाजरगवताचे रान जूनमध्येच उगवते; भुंग्याची संख्या चढायला ऑगस्ट उजाडतो. तोवर गाजरगवताच्या पहिल्या पिढीला फुले येऊन बी पडलेले असते, आणि एक झाड हजारो बिया देते. हिवाळ्यात ओलिताखाली जे उगवते त्याला भुंगा शिवतही नाही. कोरड्या, तीव्र उन्हाळ्याच्या भागात त्याचा जोर कमी पडतो. ऑस्ट्रेलियातही तो १९८० पासून सोडला गेला, आणि तिथेही त्याला इतर उपायांची जोड लागतेच. भुंगा तणाचा जोम आणि बी कमी करतो, ते संपवत नाही. म्हणून त्याच्या जोडीला पावसाआधी पडीक जागेत टाकळ्याचे बी टाकणे, जूनमधली रोपे दोन-चार पानांवर असतानाच उपटणे, आणि शेतात आंतरमशागत हे करावेच लागते. टाकळा एकदा दाट आला की गाजरगवताला सावलीत ठेवतो. भुंगा टाकळ्याला हात लावत नाही.

एक सूचना शाळा आणि ग्रामपंचायतींना. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह होतो आणि मुलांकडून उघड्या हातांनी फुलावर आलेले गाजरगवत उपटून घेतले जाते. ही पद्धत बंद व्हावी. गाजरगवतातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीला खाज, चट्टे येतात, परागांनी शिंका आणि दमा उसळतो, आणि त्रास एकदा सुरू झाला की पुढच्या संपर्कात वाढतो. उपटायचे ते फुलाआधी, मोठ्यांनी, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडके बांधून. त्याच सप्ताहात भुंगे ऐन भरात असतात. मुलांना भिंग देऊन ढाल, मिशा आणि रेषा दाखवाव्यात, ते जास्त उपयोगाचे. आणि सरसकट उपटण्याआधी शेंडे पाहावेत. ज्या तुकड्यात अळ्या आहेत तो राखून बाकीचे काढावे. फुलावर आलेल्या झाडांचे फक्त शेंडे खुडले तरी बी थांबते आणि खालची पाने अळ्यांना राहतात.

जिथे खात्री होत नाही तिथे पुरावा नीट घ्यावा. छायाचित्रे चार: वरून, बाजूने, पोटाकडून, आणि तो ज्या झाडावर खात होता त्या झाडाचे. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवी. तळहात, नाणे किंवा पेन यांवरून आकार कळत नाही. सोबत गाव, तालुका, तारीख, जमीन कशी, झाड कोणते. नमुना ठेवायचा असल्यास भुंगा छोट्या डबीत रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की मरतो. एवढ्या लहान भुंग्याच्या अंगात टाचणी खुपसू नये; जाड कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला उजव्या कुशीने चिकटवून टाचणी कागदातून घालावी, म्हणजे पोट आणि पाय तपासता येतात. अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते. आधी उकळीच्या पाण्यात मिनिटभर आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. माहितीची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी, बाहेर चिकटवलेली हमखास गळते. असे नमुने जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात, पुण्यात आकुर्डी येथे असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे ओळखीसाठी देता येतात.

आणि एक विनंती वृत्तपत्रालाच. 'अज्ञात किडीचे आक्रमण' असे छापण्याआधी बातमीदाराने दोनच प्रश्न विचारावेत: किडा कोणत्या झाडाचे पान खाताना दिसला, आणि त्याची लांबी किती मिलिमीटर. उत्तर 'गाजरगवत' आणि 'पाच-सहा' असेल तर बातमीत किडीचे नाव छापावे आणि फवारणीचा सल्ला गाळावा. छायाचित्र छापताना पानही चौकटीत राहू द्यावे. संपादनात नेमके तेच कापले जाते.

आपले नम्र,
कीटकांचे अभ्यासक असलेले काही वाचक